हमीदाभाबीची बोटं

दोन हजार बावीस साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. बहात्तर वर्षांत मी कोणाचंच ऐकलं नाही असं आमच्या घरात म्हणतात. ते खोटं आहे. हमीदाभाबीचं मी ऐकत होतो. फक्त तिला ते कळू देत नव्हतो.

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं घर, आमच्या भिंतीला भिंत लागून. नवरा पिंजारी, गाद्या भरणारा. मी कापसाच्या जिनिंगमध्ये, गठाणी बांधायच्या प्रेसवर. शाळा तिसरीपर्यंत, पण कापूस मुठीत धरला की तो कुठल्या शिवारातला ते सांगायचो. आमच्या फाटकावरून तिचा नवरा उरलासुरला कापूस न्यायचा, तेव्हापासूनची ओळख. पुढे नवरा गेला. कापूस पिंजायला मशीन आलं. नवऱ्याची पिंजायची धनुकली तिने भिंतीला टांगून ठेवली आणि काम बोटांवर घेतलं. जुन्या गादीतला दबलेला कापूस मशीनमध्ये टाकायच्या आधी ती हाताने मोकळा करायची. ओट्यावर एक पाय लांब करून बसायची, मांडीवर गोळा, आणि कडेकडेने दोन बोटं चालायची. मधोमध कधी हात घालायची नाही. गिऱ्हाईक ओरडायचं, भाबी, संध्याकाळी पाहुणे येणार आहेत. ती मान वर न करता म्हणायची, "घाई कोनले शे? माले नही."

स्वभावाने गोड होती असं कोणी म्हणणार नाही. भाजीवाल्याची मेथी नाकाला लावून परत टाकायची. चहा बशीत ओतून अर्धाच प्यायची आणि अर्धा का ठेवलास विचारलं तर म्हणायची, तुझा चहा अर्धाच पिण्यासारखा आहे. माझ्या मुलाच्या लग्नात गादी भरायला दिली तर माझ्याच तोंडावर म्हणाली की कापूस दुय्यम आहे. मला! एक अख्खा पावसाळा आम्ही बोललो नाही.

पावसाळ्यानंतर तीच गादी पुन्हा उसवली तेव्हा तिच्यातून मी लपवलेली विड्यांची थोटकं निघाली. मी विडी सोडली असं बायकोला सांगितलेलं होतं. बायको तेव्हा जिवंत होती, समोरच तांदूळ निवडत बसली होती. भाबीने थोटकं मुठीत घेतली, उठून माझ्याकडे आली, माझ्या हातात ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "दगडूभाऊ, हाई सरकी नही शे." बायकोने विचारलं, काय ग? तर म्हणाली, "काही नही, कापूसमा कचरा व्हता." त्या दिवसापासून मी तिच्याशी पुन्हा बोलायला लागलो. विडी त्यानंतरही सुटली नाही, ती वेगळी गोष्ट.

तिच्या डोक्यावरचा पदर मी कधी खाली आलेला पाहिला नाही. दिवसभर कापसाची धूळ उडायची आणि ती पदर कानामागे आवळून घ्यायची. केस कुरळे आहेत एवढं बायकोकडून कळलं होतं. नवीन लग्न होऊन आली तेव्हा सासू तिला बकरी म्हणायची. कापसाचे तंतू केसांत अडकायचे म्हणून ती रोज कपड्याच्या साबणाने डोकं धुवायची, मग पुढचे केस काथ्यासारखे झाले, कपाळावर तुटून उभे राहिले. ते परत यायला तिला फार वर्षं लागली. कसे आणले ते तिने कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंही नाही.

विचारायची वेळ माझ्या नातीमुळे आली.

प्रांजल धुळ्याला कॉलेजात होती, होस्टेलवर. केस माझ्या आईकडून नाही, सुनेच्या माहेरकडून आलेले, कुरळे आणि दाट. मैत्रिणीच्या लग्नासाठी तिने धुळ्यात पार्लरमध्ये जाऊन ते सरळ करून घेतले. काहीतरी औषध लावतात आणि गरम चिमट्याने दाबतात. दोन महिन्यांत मुळाशी नवीन कुरळे यायला लागले आणि खाली जळलेलं सरळ गवत. त्यातच टायफॉइड झाला. आम्ही तिला घरी आणली. ती तापात पडून होती, डोकं उशीवर घासत होती. सुनेने एकदा घाईघाईने बोअरच्या कढत पाण्यात साबण लावून डोकं धुतलं आणि टॉवेलने खसाखसा पुसलं. सुनेचा दोष नाही, डोक्याला वास यायला लागला होता. पण वाळल्यावर मानेवरचे केस एकत्र बसले ते बसलेच. फणी जाईना. ताप उतरला तेव्हा मागे हाताच्या पंजाएवढा गोळा झालेला होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा. त्याच्या खाली कातडीला फोड आले होते. पोरीला पाठीवर झोपता येत नव्हतं.

माझी मोठी बहीण इंदूअक्का धुळ्याजवळच्या खेड्यात राहते. पोरीला बघायला आली. पोरीच्या मानेवरची ओढणी बाजूला करून तिने तो गोळा पाहिला आणि हात जोडले.

"दगडू, कात्री लावू नको. हाई जट शे. देवीनी खूण शे."

चैत्रात वणीच्या गडावर जायचं, तिथे पोरीची ओटी भरायची, जटेला हळदकुंकू लावायचं, असं तिने ठरवूनच टाकलं. एकदा ते झालं की मग त्या केसांना फणी नाही, पाणीही बेतानेच. केस देवीचे झाले म्हणजे पोर देवीची. मग कॉलेज कसलं आणि लग्न कसलं. आमच्या लहानपणी गावात अशी एक बाई होती. तिची जट कमरेखाली गेली होती आणि मान कायम एका बाजूला झुकलेली. लोक तिच्या पाया पडायचे. तिच्याजवळ बसायचं मात्र कोणी नाही.

माझा देवीवर विश्वास आहे. तेव्हाही होता, आजही आहे. कोणी शिकलेला येऊन मला समजावेल तर त्याला मी दारातच थांबवेन. मी म्हटलं, अक्का म्हणते ते बरोबर, या घरात त्या केसांना कात्री लागणार नाही. प्रांजल कॉटवर कुशीला पडली होती. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, मला नाही व्हायचं देवीचं."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. शेजारच्या ओट्यावर भाबी कापूस उघडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कापूस खाली ठेवला आणि न बोलावता आमच्या घरात गेली. पोरीच्या मानेशी बसली. गोळ्याला नाक लावलं, कडेला बोट फिरवलं, बराच वेळ. मग अक्काच्या समोरच म्हणाली, "जट नही शे. गुंता शे. गुंताले टोक राहस."

अक्का म्हणाली, "तुले काय समजस ग देवीनं?"

"देवीनं काहीच नही समजत. कापूसनं समजस."

मग मी बोललो, आणि मी एकदा बोललो की फिरवत नाही हे दोघींना माहीत होतं. मी म्हटलं, "देवीचं असेल तर सुटणार नाही. सुटलं तर गुंता. कात्री नाही. चैत्रात अक्का येईल तेव्हा बघू."

भाबी म्हणाली, "कात्री नको ना? मंग हात तं लावू देशी?"

दुसऱ्या दिवसापासून तिचं सुरू झालं. पहिलं काम म्हणजे डोकं कशाने धुवायचं ते ठरवायचं. मी म्हटलं, त्यात ठरवायचं काय, माझ्या आईचं माहेर फैजपूरकडचं, तिने जन्मभर वाळलेल्या केळीच्या राखेच्या पाण्याने केस धुतले, आणि मेली तेव्हा तिचे केस कमरेपर्यंत होते. भाबीने विचारलं, "सरळ व्हतात ना?" सरळ होते. तिने धनगराकडून कोकराची लोकर आणली होती. तिचं म्हणणं, कुरळा केस आणि लोकर सख्ख्या बहिणी, एकीला जे सोसत नाही ते दुसरीलाही सोसत नाही. लोकरीचा एक झुपका तिने राखेच्या पाण्यात धुतला, एक कपड्याच्या साबणाने, एक रिठ्याने, आणि ओट्यावर वाळत घातले. राखेचा झुपका वाळून घोंगडीसारखा कडक झाला, तसाच साबणाचा. तिने ते दोन्ही माझ्या हातात दिले. मी ते खिशात घातले, उगाच.

रिठ्याची लोकर मात्र मऊ निघाली. मी म्हटलं, झालं, हेच लावा. जुनं घरगुतीच काही लागलं म्हणजे माझं निम्मं तरी खरं झालं असतं. तिने रिठ्याच्या पाण्यात बोट बुडवलं आणि चटकन काढलं. तिच्या बोटांना मोठ्या सुईची भोकं कायमची असायची. जे तिथे झोंबेल ते पोरीच्या फोडांना झोंबेल, हे तिचं गणित. "लोकरले जखम नही राहस, दगडूभाऊ," म्हणाली.

मग ती मला घेऊन बाजारात गेली, पिशवी धरायला. दुकानात शाम्पूच्या बाटल्यांची भिंत. तिने कमरेच्या पिशवीतून लोकर काढली आणि दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागितलं.

"भाबी, हे दुकान आहे, प्रयोगशाळा नाही."

"इकस ना तू? मंग दखाड."

बिचाऱ्याने पाणी दिलं. पहिली बाटली त्याने जाहिरातीतल्यासारखी पुढे केली. वर सरळ केसांची बाई हसत होती. भाबी म्हणाली, "हिना केस मुळातच सरळ शेतस. हिले काय इचारतोस?" दुसरीचा थेंब तिने पाण्यात टाकून हलवला तर फेस तांब्याबाहेर आला. दुकानदार खूश, बघा किती फेस! तिने तांब्या त्याच्यापुढे सरकवला. "फेसना काय काम शे? दूध उतू गयं म्हंजे दूध वाढनं का?" पाठीमागे उभ्या बायका हसायला लागल्या. मला लाज वाटली, पण मी हललो नाही, पिशवी माझ्याकडे होती.

शेवटी तिने घेतलं ते लहान लेकरांच्या डोक्याचं. पातळ, वास नावाला, फेस जेमतेम. त्यात बोट बुडवून ती बराच वेळ उभी राहिली. झोंबलं नाही. लोकर त्यात धुऊन पिळली, ती मऊच राहिली. त्याच्याजोडीला धुतल्यानंतर लावायचं ते पांढरं मलम घेतलं, कंडिशनर म्हणतात ते. दुकानदाराने ओली लोकर उचलून विचारलं, हे काय करू? "वाळत घाल," म्हणाली.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, नळाला पाणी यायचं त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या मागच्या अंगणात तिचं काम चालायचं. बोअरचं पाणी तिने बंदच केलं. ते खारं, केस आणखी आवळतात म्हणायची. नळाचं साठवलेलं पाणी, हाताला कळेल न कळेल एवढं कोमट. सकाळी सुनेकडून गोळ्याला खोबरेल लावून घ्यायची. मग ते बाळांचं औषध (मी त्याला औषधच म्हणायचो) थोडंसंच तळहातावर घेऊन मगभर पाण्यात विरघळवायची आणि ते पाणी फक्त कातडीवर सोडायची. बोटांची टोकं फिरायची, नखं नाही. केस डोक्यावर गोळा करून चोळायचे नाहीत, खाली लोंबतच ठेवायचे. वरून उतरणारं पाणी खालच्या केसांना पुरतं म्हणायची. धुऊन झालं की ते पांढरं मलम टोकांना, भरपूर. आणि केस असे बुळबुळीत झाले की मग गोळ्याच्या खालच्या कडेला ती दोन बोटं लावायची. गादीची मोठी सुई होती, तिचं बोथट टोक घालून एक वेढा सैल करायचा, बोटांनी ओढून नाही, उघडून काढायचा. पुसायला तिच्या नवऱ्याची जुनी लुंगी. धुऊन धुऊन पाण्यासारखी झालेली. तिच्यात केस दाबून धरायचे, घासायचे नाहीत.

मी दारात खुर्ची टाकून बसायचो. देवीचं सुटतंय की काय हे बघायला, दुसरं काही नाही.

आणि सुटत होतं. पहिल्या खेपेला चारदोन केस. पुढच्या खेपेला करंगळीएवढी बट. ती बट वाळल्यावर आपोआप गुंडाळली गेली, पूर्वीसारखी. पोरीने ती बोटाभोवती घेऊन आरशात पाहिली आणि आजारपणानंतर पहिल्यांदा हसली. भाबी तिच्यावरच ओरडली, "हात नको लावू! आत्ताच जनमनी शे ती." फोड भरत आले. पोर पाठीवर झोपायला लागली. पुस्तकं धुळ्याहून मागवली.

पण गल्लीला डोळे असतात. अक्का जाताना दोन घरी सांगून गेली होती, ती दोन घरं पुरली. नळावर बायका भाबीला बाजू द्यायच्या, म्हणजे आदराने नाही, अंग चोरून. एक जण म्हणाली, देवीच्या केसांना हिचा हात, उद्या घरात काही वाईट झालं म्हणजे? नंतर दोन माणसं तिच्या ओट्याशी उभी राहून बोलून गेली. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, गादीचं विचारत होते. त्यांच्या घरात गाद्या मी पाहिलेल्या आहेत, नव्या आहेत.

त्या आठवड्यात ती आली तेव्हा पहिल्यांदा तिने मागचं दार आतून लावून घेतलं.

चैत्र जवळ आला तेव्हा पंजाएवढ्या गोळ्याचा उरला होता फक्त मधला गाभा. आंब्याच्या कोयीएवढा. तो मात्र हलेना. सुईचं टोक जाईना. भाबीचे अंगठ्याचे सांधे सुजले होते, पाण्याचा मगही दोन्ही हातांनी धरावा लागायचा. एकदा तिने बोटं पाण्यात ठेवली आणि नुसतीच बसून राहिली. पोर म्हणाली, "भाबी, दुखतंय का?" ती म्हणाली, "तुले दुखस का? नही ना? मंग उगी ऱ्हाय."

त्या दिवशी अक्काचा फोन आला. सुनेने तिला कौतुकाने सांगितलं की जवळजवळ सगळं सुटलं. अक्काने मला फोन द्यायला लावला. "जवळजवळ ना? जे नही सुटनं ते देवीनं. तूच बोलना व्हता, दगडू. मी सोमवारी येस."

मीच बोललो होतो. माझा शब्द माझ्याच गळ्यात. मी फोन ठेवला.

भाबीचा मुलगा सुरतेला मिलमध्ये आहे. शनिवारी तो आला. त्याला कोणी कळवलं, काय कळवलं, मला माहीत नाही. त्याने माझ्याशी सलाम-नमस्कार केला, चहा घेतला, आणि भाबीशी त्यांच्या घरात बोलला. भिंत पातळ आहे. "अम्मी, बस हो गया. कल को उनके घर कुछ हुआ तो नाम तेरा आएगा." ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नेहमी तिचाच आवाज ऐकू यायचा.

रविवारी दुपारी भाबीच्या दारात रिक्षा, मुलगा तिला सुरतेला नेत होता. एक पेटी, एक गाठोडं, आणि धनुकली. धनुकली रिक्षात मावेना, मुलगा म्हणाला राहू दे, ती म्हणाली नाही. मी आडवी धरून आत सरकवून दिली. गल्लीतली दारं अर्धी उघडी होती, बाहेर कोणी आलं नाही. प्रांजल आली. भाबीने तिची मान वळवून गाभ्यावर अंगठा फिरवला.

"कोय शे. भिजू दे."

मग माझ्याकडे वळली. लुंगीच्या फडक्यात गुंडाळलेली सुई माझ्या हातात दिली. पोरीच्या नाही, सुनेच्या नाही. मी म्हटलं, मला कशाला? ती म्हणाली, "जिनिंगवाला ना तू? कापूस वळखस म्हनतोस. मंग?"

मला काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आमचा चहा अर्धा राहिला तुझा."

"अर्धाच पिण्यासारखा शे," ती म्हणाली आणि बसली.

रिक्षा वळणावर गेली तेव्हा वारा आला. ती धनुकली दोन्ही हातांनी सांभाळत होती, त्यामुळे पदर धरायला हात नव्हता. पदर खांद्यावर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिचे केस पाहिले. पांढरेशुभ्र, आखूड, आणि एकेक वेढा सुटा, कोणी मोजून ठेवल्यासारखा. तिने पदर घेतला नाही. धनुकली घेऊन बसली होती तशीच गेली.

त्या रात्री मी देवीच्या फोटोपुढे उभा राहिलो. मी चुकलो असं मी तिला म्हटलं नाही, कारण मी चुकलो असं मला वाटत नाही. मी शब्द दिला होता की सुटलं नाही तर देवीचं. कधीपर्यंत, ते मी म्हटलं नव्हतं. चैत्रात बघू, एवढंच म्हटलं होतं. बघू म्हणजे संपलं असं नाही. आणि राग असेल तर तो माझ्यावर काढ, पोरीवर नको, असं सांगून दिवा लावला.

सोमवारी सकाळी मी मागचं अंगण सोडून पुढच्या ओट्यावर पाट मांडला, गल्लीत कोणालाही दिसेल असा. नळाचं पाणी कोमट केलं. सून म्हणाली, मामंजी, मी करते. मी म्हटलं, तू बाजूला हो. प्रांजलला पुढ्यात बसवलं. बाटली तळहातावर उपडी केली तर पोर मागे वळून म्हणाली, "आबा, एवढं नको!" मी निम्मं मगात सोडलं. रिक्षातून अक्का उतरली, हातात नारळ आणि हळदकुंकवाची कोयरी. तिने पाहिलं आणि रस्त्यातच थांबली.

"दगडू, हाई काय करी राहिना तू?"

"बैस," मी म्हटलं. "वेळ लागेल."

ती बसली नाही. गेलीही नाही. मी पांढरं मलम गाभ्याला लावलं, फडक्यातली सुई काढली, आणि मधोमध हात न घालता खालच्या कडेला टोक शोधायला लागलो.